शेकरूचं मॅचिंग

पेंटिंगवरून कपडे करायचे म्हटलं की आपल्याला एकच आयडिया सुचते. चित्र उचला आणि कापडावर छापा. व्हॅन गॉगची चांदणी रात्र छत्रीवर, मोनालिसा टी-शर्टवर, क्लिम्टची सोनेरी जोडी लॅपटॉपच्या कव्हरवर. आणि अस्सल मराठी व्हर्जन हवं असेल तर वारलीचा कुर्ता! तो तर आपल्यापैकी प्रत्येकीच्या कपाटात एक असतोच. कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला घेतलेला. घेरावर गोल करून नाचणारी माणसं, गळ्याशी दोन झाडं, बाहीवर एक बैलगाडी. आणि आपण खुर्चीत बसलो की नेमके तारपा वाजवणाऱ्या त्या बिचाऱ्यावरच बसतो.

तसा तो कुर्ता वाईट दिसतो असं नाही. पण त्यात चित्र घातल्यासारखं वाटत नाही, चिकटवल्यासारखं वाटतं. चित्राच्या जागी उद्या आंबे छापले तरी कुर्त्याला काही फरक पडणार नाही.

याच आयडियाचं दुसरं टोक बघायचं असेल तर ‘द चेन्नई सिल्क्स’ची २००८ सालची ती प्रसिद्ध साडी आठवा. राजा रविवर्माची ११ चित्रं विणलेली, पदरावर ‘गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स’, किंमत जवळजवळ ४० लाख रुपये, आणि जगातली सगळ्यात महाग साडी म्हणून गिनीज बुकात नाव. विणकरांच्या हाताला साष्टांग नमस्कार! पण ती नेसून सकाळी ८.१२ची लोकल पकडता येणार नाही, आणि आपल्या कॉलमचा प्रश्न तर रोजच्या कपड्यांचा आहे.

मग हे जमलं कुणाला? फॅशनवाल्यांना विचाराल तर एकच नाव येईल, इव्ह सॅं लोरां. १९६५च्या ऑटम-विंटर कलेक्शनमध्ये त्याने पीट मोंद्रिआन या डच चित्रकाराच्या चित्रांवरून ड्रेस केले. पांढरा चौकोन, लाल चौकोन, निळा-पिवळा तुकडा आणि मध्ये काळ्या जाड पट्ट्या. बघायला अगदी सोपं. पण गंमत अशी की ते छापलेलं नव्हतं. प्रत्येक रंगाचा लोकरी जर्सीचा तुकडा वेगळा कापून जोडलेला होता आणि शरीराच्या वळणांसाठी लागणारी शिवण त्या पट्ट्यांच्या जोडांत लपवलेली होती. म्हणजे चित्रकाराने जी रेघ रंगाने मारली तीच शिंप्याने शिवणीने मारली. चित्र कापडावर आलं नाही, चित्रच कापड झालं. (मोंद्रिआन तोपर्यंत जाऊन २१ वर्षं झाली होती. त्याला कुणी विचारलं नाही. त्या मुद्द्यावर थोड्या वेळाने येऊ.)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एका वाचक मैत्रिणीचं मेल. पावसाळा तोंडावर आला की ‘ट्रेकला काय घालू’ छापाची मेल्स येतातच, पण हिची अडचण जरा वेगळी आहे. खराडीत ऑफिस. शुक्रवारी क्लायंट येणार, म्हणून जीन्स-टी-शर्ट चालणार नाही. संध्याकाळी ऑफिसमधूनच मंडळी निघणार, रात्री मंचरजवळ एकीच्या मावशीकडे मुक्काम आणि शनिवारी पहाटे भीमाशंकर. सॅक छोटी. तिचा प्रश्न असा: ‘एकच ड्रेस सांग जो मीटिंगमध्ये गबाळा दिसणार नाही आणि जंगलात नटवा दिसणार नाही. आणि प्लीज, ट्रॅकपँट सांगू नकोस. शिवाय मला वारली आवडतं, पण माझा वारली कुर्ता आता पायपुसणं झालाय.’

मैत्रिणी, पायपुसणं राहू दे. वारलीच घालू या, पण न छापता.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे कुठल्याही डोंगरातल्या रिसॉर्टच्या भिंतीवर वारली काढलेलं असतं, त्यामुळे ‘आदिवासी भाग म्हणजे वारली’ असं गणित आपण मनात पक्कं केलेलं आहे. भीमाशंकरला वारली नाहीत. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात मुख्यतः महादेव कोळी, शिवाय ठाकर आणि कातकरी. वारल्यांचा मुलूख उत्तरेला, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, म्हणजे आताचा पालघर जिल्हा. सह्याद्री एकच, पण घरं वेगळी. एखाद्या महादेव कोळी आजीसमोर वारली स्टोल पांघरून ‘तुमच्याकडचीच कला आहे ना ही?’ असं विचारणं म्हणजे कोल्हापूरकराला ‘तुमचं ते सावजी मस्त असतं हं’ म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, वारली चित्र ही मुळात ‘डिझाइन’ म्हणून आलेली वस्तूच नाही. लग्न असलं की घराची भिंत शेणाने आणि गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करून कुंचला करायचा आणि सुवासिनींनी चौक काढायचा. त्या चौकात पालघाट देवी. शेजारी धवलेरीची गाणी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. त्यामुळे माझ्यापुरता मी एक नियम केलेला आहे. नाचणारी माणसं, झाडं, मोर, बैलगाड्या यांचं काय करायचं ते करा, पण लग्नाचा चौक उचलून कुर्त्याच्या मागच्या बाजूला किंवा उशीच्या अभ्र्यावर टाकायचा नाही. आपण आपल्या देव्हाऱ्यातलं तिथे छापू का? झालं तर मग.

भिंतीवरचं हे काम कागदावर आलं ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी वारली पाड्यांवर फिरत होते. त्या सुमाराला गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी, लग्न नसताना आणि पुरुष असून, चित्रं काढायला सुरुवात केली होती. तेव्हा ही गोष्ट जगावेगळीच. पुढे १९८९ साली त्यांची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात लागली, २०११मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८मध्ये ते गेले.

आपल्या ड्रेससाठी मी मशेंचंच एक चित्र निवडलेलं आहे. मासे पकडायच्या जाळ्याचं. त्यांनी हा विषय बरेचदा काढलाय. नेटवर शोधलंत तर लगेच सापडेल, आणि शोधाच, कारण पुढचं सगळं ते बघून वाचलंत तर जास्त मजा येईल. शेणाच्या रंगाचा तपकिरी कॅनव्हास. त्यावर पांढऱ्या, केसासारख्या बारीक रेघांनी विणलेलं भलंमोठं जाळं. माणसं आणि मासे त्याच्यापुढे चिमुकले. लांबून बघितलं तर चित्र नव्हे, एखादं तलम कापड वाळत घातलंय असं वाटतं.

अहो, कापडच आहे ते! आता फक्त ते शोधायचं.

पहिलं म्हणजे रंगांचं प्रमाण. चित्रात रंग दोनच, पण ते अर्धे अर्धे नाहीत. जमीन भरपूर आणि पांढरं अगदी कमी, तेही रेघेच्या जाडीचं. इथेच बहुतेकींची गाडी घसरते. ‘ब्राउन अँड व्हाइट’ म्हणून विटकरी कुर्ता आणि खाली पांढरीशुभ्र लेगिंग. ते वारली नाही, ती शाळेची युनिफॉर्म! चित्रातलं प्रमाण ठेवायचं तर वरपासून खालपर्यंत मातीचेच रंग हवेत. कुर्ता विटकरी, पँट त्याहून एक-दोन शेड गडद, म्हणजे कात किंवा चॉकलेटी. दोन्ही एकाच शेडचं घेऊ नका. सारवलेली भिंत कधी एकसारखी दिसते का? हाताचे फराटे दिसतातच. कापडही तसंच हवं. हातमागाचं, ज्यात सूत मध्येच जाड मध्येच बारीक आहे. चकचकीत सॅटिन किंवा सिंथेटिक क्रेप घेतलंत तर रंग कितीही बरोबर असला तरी भिंत ‘ऑइल पेंट’ मारल्यासारखी दिसेल.

दुसरं, पांढरा. तो ‘टिनोपॉल’ पांढरा नाही. तांदळाच्या पिठाचा आहे, किंचित पिवळसर. दुकानात मोतिया, ऑफव्हाइट, क्रीम असं काहीही म्हणतील. कोऱ्या, ब्लीच न केलेल्या सुती कापडाचा जो रंग असतो, तो. आणि हा पांढरा फक्त एकाच वस्तूत आणायचा, ती म्हणजे स्टोल किंवा दुपट्टा. कोटा डोरियाचा घ्या. कोट्याच्या कापडात ते बारीक चौकोन असतात ना, त्यांना विणकर ‘खत’ म्हणतात. विटकरी कुर्त्यावर कोरा कोटा टाकून आरशात बघा. चौकोनांतून खालचा विटकरी दिसतो आणि वर पांढरी जाळी तरंगते. मशेंचं जाळं! एकही मासा न छापता. मीटिंगमध्ये कुणाला कळणारही नाही की तुम्ही चित्र घालून आलाय, फक्त ‘आज छान दिसतेस गं’ असं म्हणतील. हीच तर खरी मजा.

तिसरं म्हणजे आकार. वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून. वरचा उलटा, खालचा सुलटा, कंबर जवळजवळ नाहीच. हा सिल्हूट आपल्याकडच्या शिवणात आधीच आहे. अंगरखा पद्धतीचा कुर्ता, बाजूला नाडी बांधायची, खाली थोडा घेर. बांधणीचा कट असला की कंबरेशी आपोआप तो बिंदू येतो. पण शनिवारी पायऱ्या आणि पायवाट आहे हे विसरू नका. घेर बेताचा आणि लांबी गुडघ्यापर्यंतच. अनारकली घालून जंगलात गेलात तर घेर काट्यांत अडकलाच म्हणून समजा.

अंगरखा नको असेल तर साधा सरळ कुर्ता घ्या आणि गळ्याला, बाह्यांना कोऱ्या दोऱ्याने धावदोरा घाला. धावदोरा म्हणजे आपल्याला शाळेत शिवणाच्या तासाला सगळ्यात आधी शिकवतात तो टाका. वारली रेघेला याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. तुटक, हाताने मारलेली, किंचित वाकडी. मशीनची एम्ब्रॉयडरी नको. दोन संध्याकाळी, एक सिरीयल, काम फत्ते.

दागिन्यांच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. ऑक्सिडाइज्डचे ढीग नकोत. ‘एथ्निक’ म्हटलं की लगेच गळ्यात काळी चांदी आणि नाकात प्रेसची नथ, हा फंडा आता खूप झाला. या चित्रात धातू कुठे आहे? एक पांढऱ्या मण्यांचा सर किंवा कानात काहीतरी छोटंसं. बस्स.

आता भीमाशंकरकडे वळू, कारण हे रंगांचं प्रमाण मी उगाच सुचवलेलं नाही. तिथे हाच ड्रेस घातलेलं कुणीतरी आधीपासून राहतं. शेकरू! आपल्या राज्याचा प्राणी, भीमाशंकरच्या अभयारण्याची खरी मालकीण. १९८५ साली जाहीर झालेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य मुख्यतः या मोठ्या खारीसाठीच ओळखलं जातं. नीट बघा तिला. पाठ विटकरी-तपकिरी, पोट मोतिया, शेपटीचं टोक फिकट. दोनच रंग, आणि पांढरा दिसतो तो फक्त ती फांदीवरून पसरून उडी मारते तेव्हा. प्रमाणाचं हे शहाणपण कुठल्या फॅशन स्कूलमध्ये शिकली कोण जाणे! त्या जंगलातल्या सालींमध्ये आणि वाळक्या पानांमध्ये हा रंग असा मिसळतो की आवाज झाला तरी चटकन दिसत नाही. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर फांद्यांकडे मान वर करून चाललात तर दिसायचा चान्स असतो. अट एकच, गप्प बसायचं. निऑन जॅकेट, ब्लूटूथ स्पीकर आणि शेकरू या तीन गोष्टी एकत्र दिसत नाहीत. वेफर्स तर अजिबात दाखवू नका.

विटकरी घालण्यात एक व्यवहाराचा मुद्दाही आहे. तिथली माती तांबडी. पावसात घसरून एकदा बसलात की निळ्या जीन्सवर शिक्का उमटतो तो घरापर्यंत. कात रंगाच्या पँटवर तो डिझाइनचा भाग वाटतो.

पण मला तुम्हाला खरी सांगायची होती ती गोष्ट हिरड्याची.

भीमाशंकर, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरात हिरड्याची झाडं खूप आहेत. महादेव कोळी घरांना भातशेतीनंतर रोख पैसा देणारं पीक म्हणजे हिरडा. कोवळं फळ काढून वाळवतात, त्याला बाळहिरडा म्हणतात. आपल्याला हिरडा माहीत असतो तो त्रिफळा चूर्णाच्या डबीवर, आणि तोही आजोबांच्या. पण कापडवाल्यांच्या जगात हिरडा फार मोठी असामी आहे. सुती धाग्याचा एक प्रॉब्लेम असतो. तो नैसर्गिक रंग नीट धरून ठेवत नाही. रंग लावा, धुवा, गेला. म्हणून राजस्थानातल्या बगरूचे छपाईवाले, कच्छचे अजरखवाले, आंध्रातले कलमकारीवाले हे सगळे कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरड्यातलं टॅनिन धाग्यात बसतं. कापड पिवळसर, मोतिया होतं. मग त्यावर लोखंडाच्या गंजाचं पाणी ठशाने लावलं की काळा उमटतो, तुरटी लावून मंजिष्ठाच्या जातीच्या लाल रंगात उकळलं की विटकरी-लाल. जिथे ठसा लागला नाही तिथे हिरड्याची मोतिया छटा.

म्हणजे बघा, आपण चित्रावरून जे दोन रंग काढले, गेरूचा विटकरी आणि तांदळाचा मोतिया, ते दोन्ही कापडावर येतात ते हिरड्याच्या जोरावर. तुम्ही बगरूचा विटकरी कुर्ता घेतलात तर त्यात कुठल्यातरी डोंगरातला हिरडा आहेच. भीमाशंकरचाच असेल असं मी म्हणणार नाही, हिरडा देशात बऱ्याच ठिकाणी होतो. पण झाडाखालून जाताना एकदा वर बघायला हरकत नाही. (फळ तोडायचं मात्र नाही. अभयारण्य आहे, आणि ते कुणाच्या तरी घरचं उत्पन्नही आहे.) ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आपण घरात बसून खिडकीतून झाडं पडताना व्हिडिओ काढत होतो. इकडे जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि त्याच्या भरपाईसाठी तिथल्या लोकांना पुढे बराच काळ भांडावं लागलं. भात गेलं तर पंचनामा कसा करायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. जंगलातल्या झाडाचं फळ गेलं तर त्याला ‘पीक’ म्हणायचं की नाही, इथून सुरुवात!

त्यामुळे कुर्ता घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा. ‘हे व्हेजिटेबल डाय आहे का?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘हो मॅडम, प्युअर’ म्हणतात. विचारा, ‘हरडा करून छापलंय का?’ हिंदीत हिरड्याला हरडा. खरा छपाईवाला खूश होऊन पाच मिनिटं बोलेल. नुसतं मशीनवर छापलेलं विकणारा गोंधळेल. एवढ्याने शंभर टक्के खात्री होत नाही, पण समोरच्याला कापडातलं किती कळतं ते नक्की कळतं.

मेल पाठवणाऱ्या मैत्रिणीच्या रूटवर आणखी एक जागा आहे जी कपड्यांच्या कॉलममध्ये यायलाच हवी. मंचरहून घोडेगाव आणि पुढे डिंभे. तिथे धरणाचं मोठं पाणी दिसायला लागतं आणि सगळे गाडी थांबवून सेल्फी काढतात. त्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. हे बाबू गेनू याच तालुक्यातले, म्हाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३०ला काळबादेवी भागात परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकपुढे ते उभे राहिले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. वय २२.

बावीस. आपल्याकडे कॅम्पसमधून जॉइन होणाऱ्या ट्रेनीचं वय. स्वतः दिवसभर कापडाच्या गिरणीत राबणारा मुलगा कुठलं कापड अंगावर यावं या प्रश्नावरून जिवानिशी गेला. मी काही आता तुम्हाला सगळी खादी घाला म्हणून लेक्चर देणार नाही, माझ्याच कपाटात अर्धं बांगलादेश आणि व्हिएतनाम भरलेलं आहे. पण डिंभ्याच्या पाण्यापाशी सेल्फी काढताना अंगात कुणी विणलेलं कापड आहे हे लेबल उलटून बघायला दहा सेकंद लागतात. कोरा कोटा मिळाला नाही तर स्टोल खादीचा घ्या. जाळी कमी दिसेल, पण रंग तोच मिळेल.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा, मोंद्रिआनला कुणी विचारलं नाही तो. जून २०२५मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात चक्क कोल्हापुरी दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. इकडे गदारोळ झाला, मग कंपनीने भारतातल्या पारंपरिक चपलांपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९पासून जीआय आहे. वारली चित्रालाही २०१४ला मिळालंय, डहाणूकडच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी खटपट केली. पण जीआय म्हणजे पेटंट नव्हे. ते नावाला आणि मुलखाला बांधलेलं असतं. त्रिकोण आणि गोल कुणाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत. त्यामुळे सुरतेच्या गिरणीत रोल भरून नाचणारी माणसं छापली जातात त्यातला एक रुपया गंजाडला जात नाही, आणि ते थांबवणंही सोपं नाही.

म्हणूनही मला हा न छापलेला ड्रेस जास्त पटतो. यात आपण कुणाची रेघ उचलत नाही. आपण चित्राकडून रंगांचं प्रमाण शिकतो, जसं गुरूकडून शिकावं. आणि रेघच हवी असेल, माणसं-मोर सगळं हवं असेल, तर ते वारली चित्रकाराकडून हाताने काढून घ्या. नावासकट, सहीसकट, त्याच्या भावात. तोच स्टोल मग दहा वर्षं टिकेल. ‘एवढं महाग?’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना त्यांच्या शेवटच्या तीन ब्रंचचं बिल आठवायला सांगा.

मुलांनो, वाचताय ना अजून? तुमच्यासाठी हे उलट जास्त सोपं आहे. विटकरी हातमागाचा शर्ट, चायनीज कॉलर, बाह्या दुमडलेल्या. खाली कात रंगाची चिनो. आणि पांढरा कुठे? आत. मोतिया रंगाचा साधा गोल गळ्याचा बनियन-टी, वरचं बटण उघडं ठेवलं की गळ्यापाशी तेवढीच एक रेघ दिसते. शेकरूसारखी. शर्ट बारीक चौकडीचा मिळाला, मंगळगिरीला अशा अगदी सुतासारख्या रेघांच्या चौकडी असतात, तर जाळंही आलं. कृपा करून त्यावर पांढरे स्पोर्ट्स शूज घालू नका.

बूट-चपलांचं काय? कोल्हापुरी शुक्रवारी ऑफिसला, झकास. शनिवारी पावसात, मुळीच नाही. कातडं भिजलं की फुगतं, निसरड्या दगडावर पकड नसते, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना तोल गेला तर चित्रही राहणार नाही आणि फ्रेमही. पकड असलेले गडद तपकिरी ट्रेकिंग शूज गाडीत ठेवा. मंदिराचा काळा दगड, नाना फडणवीसांच्या वेळचं ते शिखर, वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणवलेली म्हणून सांगतात ती पोर्तुगीज घंटा हे सगळं शांतपणे बघायचं असेल तर लक्ष पायाकडे असून चालत नाही. जायच्या आधी दर्शन आणि अभयारण्याच्या वाटा सुरू आहेत ना, तेवढं फोन करून विचारा.

शेवटी धुलाईबद्दल. विटकरी नवा असेल तर आधी दोन-तीनदा वेगळा, गार पाण्यात धुऊन काढा. भीमाशंकरचं धुकं दिसतं रोमँटिक, पण दहा मिनिटांत कपडे दमट करतं, आणि दमट विटकरीवर कोरा स्टोल म्हणजे संध्याकाळपर्यंत गुलाबी स्टोल. डिंभे मागे पडलं की स्टोल काढून प्लास्टिकच्या पिशवीत, सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा. फोटोपुरता बाहेर काढा आणि पुन्हा आत. वाळवताना सावलीत, उलटा करून. इस्त्री हलकी. कोट्याला तर कडक इस्त्री चालतच नाही, चौकोन सरकतात.

कुर्त्याला धावदोरा घालणार असाल तर दोराही आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात तो आकसतो आणि गळ्याला चुण्या पडतात.